सिसेरोचा निसर्गाचा कायदा रोमच्या कोर्टात कधी चालला का?

शाईदौत (धागाकर्ती)

खरा कायदा म्हणजे निसर्गाशी जुळणारी योग्य विवेकबुद्धी. तो सगळ्यांमध्ये पसरलेला आहे, कायमचा आहे. रोमला एक आणि अथेन्सला दुसरा, आज एक आणि उद्या दुसरा असा तो नसतो. सिनेट असो की जनता, त्याच्यातून आपल्याला कुणीही मोकळं करू शकत नाही. रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने 'दे रे पुब्लिका' या राज्याविषयीच्या संवादाच्या तिसऱ्या भागात हे लेलियस या पात्राच्या तोंडी घातलं आहे. हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. १८१९ मध्ये आंजेलो माई यांना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात ऑगस्टिनच्या स्तोत्रभाष्याखाली त्याची खरवडलेली पानं सापडली, पण त्यातही नेमका हा परिच्छेद नव्हता. लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने तो आपल्या पुस्तकात उतरवून घेतला होता, म्हणून तो वाचला.

कायद्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा परिच्छेद सुरुवातीला येतो आणि मग लेखक थेट सतराव्या शतकात उडी मारतात. मधल्या रोमचं काय? एखादा रोमन माणूस कोर्टात उभा राहून 'हा कायदा निसर्गाच्या विरुद्ध आहे, म्हणून तो कायदाच नाही' असं म्हणू शकत होता का, आणि म्हणाला तर त्याचं कुणी ऐकलं असतं का, हे मला या धाग्यावर बोलायचं आहे.

सिसेरो तत्त्व म्हणून तरी हे ठासून सांगतो. 'दे लेगिबस' हा कायद्यांवरचा संवाद त्याच्या गावी, आर्पिनमला घडतो. सोबत भाऊ क्विंटस आणि मित्र ॲटिकस. तिथे तो म्हणतो की लोकांच्या कायद्यांत जे जे आहे ते सगळं न्याय्य मानणं हा शुद्ध मूर्खपणा. जुलमी राजांचे कायदेसुद्धा? अथेन्सच्या तीस जुलमी शासकांनी कायदे केले असते तर ते? आणि मग तो घरचं उदाहरण काढतो: हुकूमशहा सुल्लासाठी केलेला इ.स.पू. ८२ चा कायदा. त्यानुसार हुकूमशहाने कुठल्याही नागरिकाला, खटला न चालवता मारलं तरी त्याला दोष नाही. हा रीतसर मंजूर झालेला कायदा होता. सिसेरोच्या मते त्यात न्यायाचा लवलेशही नव्हता. मतदानाने न्याय ठरत असेल तर दरोडा, व्यभिचार आणि खोटी मृत्युपत्रंही बहुमताने न्याय्य ठरवता येतील, हा त्याचा युक्तिवाद आजही तितकाच टोकदार वाटतो.

याच्या उलट बाजूचंही एक उदाहरण त्याने दिलं आहे. टार्क्विन राजाच्या काळी रोममध्ये बलात्काराविरुद्ध लेखी कायदा नव्हता. म्हणून राजपुत्राने ल्युक्रेशियावर केलेला अत्याचार गुन्हा नव्हता का? होताच, कारण विवेकाचा कायदा लिहिला जाण्याची वाट पाहत नाही.

आता माझं म्हणणं. माझ्या वाचनात रोमन न्यायालयाने निसर्गाच्या कायद्याचा आधार घेऊन एखादा मंजूर कायदा रद्द ठरवला, असं कुठेही आलेलं नाही. तरीही निसर्गाचा कायदा तिथे नुसता भाषणापुरता नव्हता. तो वेगळ्या वाटेने काम करत होता, आणि जिथे त्याची सगळ्यांत जास्त गरज होती तिथे, म्हणजे गुलामीच्या बाबतीत, कायदेपंडितांनी एक विलक्षण गोष्ट केली. फ्लोरेंटिनस हा रोमन कायदेपंडित लिहितो की गुलामी ही सर्व राष्ट्रांच्या समाईक कायद्याने निर्माण केलेली संस्था आहे, आणि तिच्यामुळे माणूस 'निसर्गाच्या विरुद्ध' दुसऱ्याच्या मालकीखाली येतो. एका गुलामगिरीवर उभ्या असलेल्या राज्याने हे वाक्य आपल्या अधिकृत संहितेत ठेवलं. याचा अर्थ काय लावायचा?

तर्ककर्कश

चांगला धागा. पण सिसेरोच्या आधी ग्रीक तत्त्वज्ञ कार्नेआदेसचं ऐकून घेऊ, कारण सिसेरोला सगळा खटाटोप त्याच्यामुळेच करावा लागला.

इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सने रोमला तीन तत्त्वज्ञांचं शिष्टमंडळ पाठवलं. ओरोपस हे गाव लुटल्याबद्दल अथेन्सला ५०० टॅलेंट दंड झाला होता, तो कमी करून घ्यायचा होता. त्यात प्लेटोच्या अकादमीचा कार्नेआदेस, निसर्गाला धरून जगा म्हणणाऱ्या स्टोइक पंथाचा डायोजिनिस आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला क्रिटोलाउस असे तिघे होते. कार्नेआदेसने एके दिवशी न्यायाच्या बाजूने भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी न्यायाच्या विरुद्ध. रोमची तरुण मुलं खुळावली. थोरल्या केटोने सिनेटला सांगितलं, यांचं काम उरका आणि यांना घरी पाठवा.

दुसऱ्या दिवसाचा युक्तिवाद मला अजूनही अभेद्य वाटतो. निसर्गाने न्याय दिला असता तर तो गरम-थंडसारखा सगळीकडे सारखाच असता. प्रत्यक्षात कायदे देशागणिक बदलतात, एकाच देशात काळागणिक बदलतात. माणसं आपल्या सोयीचे कायदे करतात आणि त्याला न्याय म्हणतात. रोमनांना खरंच न्यायाने वागायचं असेल तर जिंकलेलं सगळं परत करून झोपड्यांत राहायला जावं लागेल. हे त्यांच्या राजधानीत, त्यांच्याच तोंडावर! पुढे तो जहाज फुटल्याचं उदाहरण देतो: एका फळीला एक दुबळा माणूस धरून आहे, तुम्ही ताकदवान आहात, समुद्रात साक्षीदार कुणी नाही. शहाणा माणूस काय करेल?

'दे रे पुब्लिका'त ही बाजू फिलस हे पात्र मांडतं आणि लेलियस उत्तर देतो. उत्तर सुंदर आहे, पण ते उत्तर आहे का? 'खरा कायदा सगळीकडे एकच आहे' असं जाहीर केल्याने तो एकच होत नाही. तो काय सांगतो हे कोण ठरवणार? लेलियस?

आडगावकर

शाईदौत ताई, 'वेगळ्या वाटेने' म्हणालात तिथेच खरी मेख आहे. आयुष्य दिवाणी कोर्टात गेल्यामुळे मला तत्त्वज्ञानापेक्षा ती वाटच जास्त जवळची. जरा विस्ताराने लिहितो.

रोमचा मुलगा बापाच्या सत्तेखाली असे, बाप जिवंत असेपर्यंत, मग मुलगा पन्नाशीचा का असेना. बापाने त्याला सत्तेतून मोकळं केलं की तो स्वतंत्र होई, पण त्याच क्षणी जुन्या कायद्याच्या नजरेत त्या कुटुंबाचा राहत नसे. बाप मृत्युपत्र न करता वारला तर वारसा घरात राहिलेल्या भावंडांना. मोकळ्या केलेल्या मुलाला कवडीही नाही. 'बारा फलक' या रोमच्या जुन्या लेखी संहितेतला हा कायदा इ.स.पू. पाचव्या शतकातला. तो कुणी रद्द केला नाही.

प्रेटरने काय केलं? प्रेटर म्हणजे दरवर्षी निवडून येणारा न्यायाधिकारी. पदावर येताना तो जाहीरनामा काढी की या वर्षी मी अमुक प्रकरणांत अमुक दाद देईन. त्या जाहीरनाम्यात हळूहळू कलम आलं: मोकळ्या केलेल्या मुलालाही मालमत्तेचा ताबा देईन. वारस म्हणून जाहीर करणं प्रेटरच्या हातात नव्हतं, ते कायद्याचं काम. म्हणून त्याने 'ताबा' दिला आणि त्या ताब्याला संरक्षण दिलं. कागदावर एक जण वारस, हातात माल दुसऱ्याच्या. कायद्याचं एक अक्षर बदललं नाही आणि निकाल मात्र पार फिरला.

गायस या कायदेपंडिताने यामागचं तत्त्व एका ओळीत सांगून ठेवलंय. दर्जा बदलल्याने कायद्याने जोडलेलं नातं तुटतं, रक्ताचं नातं तुटत नाही. कारण नागरी कायद्याची युक्ती नागरी हक्क बिघडवू शकते, नैसर्गिक हक्क नाही. ही ओळ दुसऱ्या शतकातल्या पाठ्यपुस्तकातली आहे. तेही पुस्तक १८१६ पर्यंत हरवलेलंच होतं. व्हेरोनाला नीबुहर यांना जेरोमच्या पत्रांखाली खरवडलेलं सापडलं.

दुसरं उदाहरण खुद्द सिसेरोचं, 'दे ऑफिकीस' या कर्तव्यांवरच्या पुस्तकातलं. कॅनियस नावाचा रोमन सुट्टी घालवायला सिराक्यूजला जातो. त्याला समुद्रकाठी बाग विकत घ्यायची असते. पिथियस नावाचा सावकार त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावतो आणि आदल्या दिवशी कोळ्यांना सांगून ठेवतो की उद्या सगळ्यांनी माझ्या बागेसमोर जाळी टाका. कॅनियस येतो तर समोर होड्यांची गर्दी, एकेक कोळी मासे आणून पिथियसच्या पायाशी ओततोय. 'हे काय?' 'अहो, सिराक्यूजचे सगळे मासे इथेच मिळतात, पाणीही इथलंच भरतात, यांना या जागेशिवाय चालत नाही.' कॅनियस गळ घालतो, मागेल ती किंमत मान्य करतो, सामानसुमानासकट बाग घेतो, रक्कम हिशेबवहीत लिहून व्यवहार पुरा होतो. दुसऱ्या दिवशी मित्रांना जेवायला बोलावतो. एकही होडी नाही. शेजाऱ्याला विचारतो, आज कोळ्यांची सुट्टी आहे का? शेजारी म्हणतो, माझ्या माहितीत तरी इथे कुणी मासे धरत नाही, काल मलाच नवल वाटत होतं.

सिसेरो विचारतो, करणार काय? वहीतली नोंद कायद्याने पक्की होती. फसवणुकीवरची दाद त्याचा सहकारी ॲक्विलियस याने नंतर आणली. ॲक्विलियस आणि सिसेरो इ.स.पू. ६६ मध्ये एकाच वर्षी प्रेटर होते. म्हणजे निसर्गाच्या कायद्याने जे आधीपासून चूक होतं, ते कोर्टात चूक ठरायला एका माणसाने दाव्याचा मसुदा लिहावा लागला. याच पुस्तकात थोडं पुढे सिसेरो म्हणतो, खऱ्या कायद्याची भरीव मूर्ती आपल्यापाशी नाही, आपण तिची सावली आणि रेखाटन वापरतो. मला तरी लेलियसच्या भाषणापेक्षा हे वाक्य जास्त मोलाचं वाटतं.

मांडवीतीर

आडगावकर काका, प्रतिसाद फार आवडला. वारशावरून गोव्याचं सांगावंसं वाटलं, कारण तिथे धागा खरंच जोडलेला आहे.

बारा फलकांत म्हटलं होतं की माणूस आपल्या मालमत्तेबद्दल मृत्युपत्रात जे सांगेल तोच कायदा. म्हणजे बापाने मुलाला बेदखल केलं तर विषय संपला. पण पुढे मुलांना तक्रार करता येऊ लागली की हे मृत्युपत्र कर्तव्याला सोडून आहे. मांडणी अशी करत की ज्याने पोटच्या मुलांना असं डावललं त्याचं डोकं ठिकाणावर नसणार. बाप वेडा नाही हे सगळ्यांना ठाऊक असे, पण या आडोशाने मृत्युपत्र पाडता येई. यातूनच मुलांसाठी राखीव वाट्याची कल्पना पुढे पक्की झाली. युरोपातून ती पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेत आली आणि तिथून आमच्याकडे. आजही गोव्यात आईवडील ठरावीक कारणांशिवाय मुलांचा अर्ध्या मालमत्तेवरचा हक्क मृत्युपत्राने काढून घेऊ शकत नाहीत. आमच्याकडे वाटणीचं बोलणं निघालं की 'लेजितिमा' हा शब्द शाळा न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी असतो.

ओवी

मला सिसेरोच्या बाबतीत एक गोष्ट गिळवत नाही.

सुल्लाच्या कायद्यावर त्याचा मुख्य आक्षेप कोणता? खटला न चालवता नागरिकाला मारणं. बरोबर? आता इ.स.पू. ६३ चा डिसेंबर आठवा. सिसेरो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी आहे. सत्ता उलथवण्याच्या कॅटिलाइनच्या कटातले पाच जण पकडले गेलेत, त्यातला लेंटुलस तर पदावरचा प्रेटर. सिनेटमध्ये चर्चा होते, धाकटा केटो मृत्युदंड मागतो, आणि सिसेरो त्याच संध्याकाळी त्यांना तुरुंगात गळा आवळून मारवतो. खटला नाही, जनतेकडे अपील नाही. गायस ग्रॅकसचा इ.स.पू. १२३ चा कायदा होता की जनतेच्या हुकुमाशिवाय रोमन नागरिकाच्या जिवावर निकाल देता येणार नाही. पाच वर्षांनी त्याचा राजकीय शत्रू क्लोडियस याने याच मुद्द्यावर कायदा आणून त्याला हद्दपार केलं, पॅलाटिन टेकडीवरचं त्याचं घर पाडलं आणि त्या जागी स्वातंत्र्यदेवतेचं देऊळ उभारलं.

'दे लेगिबस' तो या सगळ्यानंतर लिहितो. त्यात 'जनतेचं रक्षण हाच सर्वोच्च कायदा' हे वाक्य येतं. पुढे इ.स.पू. ४३ मध्ये, अँटनीविरुद्धच्या अकराव्या भाषणात, सीझरच्या मारेकऱ्यांपैकी कॅसियस याने सिनेटच्या हुकुमाशिवाय सिरिया प्रांतात जाण्याला तो पाठिंबा देतो. कोणत्या कायद्याने? खुद्द ज्युपिटरच्या कायद्याने: राज्याला जे हितकारक ते सगळं न्याय्य आणि कायदेशीर. म्हणजे शत्रू कायदा मोडतो तेव्हा तो गुन्हेगार, आणि आपला माणूस मोडतो तेव्हा तो निसर्गाचा कायदा पाळतो.

'दे लेगिबस'मध्येच तो टिटियस, अपुलेयस आणि लिव्हियस यांचे कायदे कायदेच नव्हते असंही क्विंटसकडून वदवून घेतो. हे तिघेही जमीन आणि हक्क वाटू पाहणारे ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेचे निवडलेले प्रतिनिधी! गरिबांना जमीन देणारा कायदा निसर्गाच्या विरुद्ध, आणि इटलीभर पसरलेल्या सिनेटरांच्या जमिनी निसर्गाला मान्य? मला राग येतो हे वाचताना. तर्ककर्कश यांचा प्रश्न रास्त आहे, कोण ठरवणार?

तर्ककर्कश

ओवी, शब्द न् शब्द पटला.

शाईदौत

ओवी, तुमचा राग योग्य आहे आणि डिसेंबरच्या त्या संध्याकाळचं समर्थन मी करणार नाही. लेखी कायदा हीच त्या पाच जणांची एकमेव ढाल होती आणि सिसेरोने ती बाजूला सारली. म्हणूनच तर शासनाने केलेला कायदा ही किरकोळ गोष्ट नाही.

पण मापाचा गैरवापर झाला म्हणजे माप खोटं असं नाही. तुम्ही सिसेरोला दोष देताना कोणतं माप वापरताय? ग्रॅकसचा कायदा, ठीक. पण सुल्लाच्या कायद्याने मारलेल्यांबद्दल काय म्हणाल? तिथे कायदा मारणाऱ्याच्या बाजूने होता. तरी ते चूकच होतं ना?

आणि तर्ककर्कश, तुमच्या फिलसकडेच बघा. कायदे बदलतात हे दाखवायला तो व्होकोनियन कायदा काढतो, इ.स.पू. १६९ चा. सर्वांत श्रीमंत वर्गातल्या माणसाने स्त्रीला वारस नेमू नये असा तो कायदा. फिलस म्हणतो, हा पुरुषांच्या सोयीसाठी केलेला कायदा असून स्त्रियांवरच्या अन्यायाने भरलेला आहे. बाईने पैसा का बाळगू नये? व्हेस्टाच्या पुजारिणीला वारस नेमता येतो, मग तिच्या आईला का नाही? वाचताना मी थबकले. जो माणूस 'न्याय म्हणजे कायदा म्हणेल ते' हे सिद्ध करायला उभा आहे, तोच एका कायद्याला 'अन्याय' म्हणतोय! कायद्याच्या बाहेर न्याय नसेल तर व्होकोनियन कायदा अन्याय्य कसा असू शकतो? कार्नेआदेसची बाजू मांडणाऱ्यालाही ते माप खाली ठेवता आलं नाही.

रानवाट

इतका वेळ नुसती वाचत होते. गुलामीचा मुद्दा मागे पडतोय म्हणून लिहिते.

इ.स. ६१, नीरोचा काळ. रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याला त्याच्या एका गुलामाने ठार मारलं. इतिहासकार टॅसिटस म्हणतो, स्वातंत्र्याची किंमत ठरवून मालक फिरला म्हणून, किंवा एका मुलाच्या प्रेमावरून. जुना दंडक असा की मालकाचा खून झाला तर त्या छपराखालच्या सगळ्या गुलामांना मारायचं. घरात ४०० गुलाम होते, त्यांत बायका आणि मुलंही. शहरातली साधी माणसं जमली, सिनेटपर्यंत दंगल पोहोचली. सिनेटमध्येही काहींना हे नको होतं.

मग गायस कॅसियस लाँगिनस बोलायला उठला. तो त्या पिढीतला अव्वल कायदेपंडित, त्याच्या नावाने कायद्याचा एक संप्रदाय ओळखला जाई. तो म्हणाला की पूर्वजांचा निर्णय बदलण्याचं कारण नाही, भीतीशिवाय हा लोंढा आवरता येणार नाही, आणि प्रत्येक मोठ्या शिक्षेत काही ना काही अन्याय असतोच. व्यक्तीवरच्या त्या अन्यायाची भरपाई सार्वजनिक हिताने होते. टॅसिटसच्या म्हणण्याप्रमाणे त्याला एकट्याने उलट उत्तर द्यायला कुणी धजलं नाही, फक्त निरपराधांबद्दल कणव दाखवणारे आवाज उठले. शिक्षा कायम झाली. लोक दगड आणि मशाली घेऊन आडवे आले, तेव्हा नीरोने वधस्थानापर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर दुतर्फा सैनिक उभे केले आणि त्या चारशेंना नेलं.

स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका तेव्हा नीरोचा सल्लागार होता. 'ते गुलाम आहेत. नव्हे, माणसं आहेत' हे त्याचं पत्र नंतरच्या काळातलं. या वादात तो काय बोलला याबद्दल टॅसिटस एक अक्षर लिहीत नाही.

त्या दिवशी निसर्गाचा कायदा कुणाकडे होता? स्टोइकांचे ग्रंथ वाचलेल्यांकडे नव्हता. दगड घेऊन आलेल्यांकडे होता, आणि त्यांचा पराभव झाला. कॅसियसने 'यात अन्याय आहे' हे मान्य केलं आणि तरी ४०० माणसं मारायला लावली. मग फ्लोरेंटिनसच्या 'निसर्गाच्या विरुद्ध'चं मी काय करू? मान्य करून पुढे जाणं हे न मान्य करण्यापेक्षा जास्त भयंकर नाही का?

नवखा_वाचक

एक शंका. उल्पियन हा रोमन कायदेपंडित म्हणतो की निसर्गाने सगळ्या प्राण्यांना शिकवलं तो नैसर्गिक कायदा. माणसाच्या कायद्यात प्राणी कुठून आले?

आडगावकर

चांगली शंका. उल्पियनच्या मनात जोडीने राहणं, पिल्लांना जन्म देणं, त्यांना वाढवणं या गोष्टी आहेत. गायस दोनच भाग करतो: प्रत्येक शहराचा आपला कायदा, आणि नैसर्गिक बुद्धीने सगळ्या माणसांत घालून दिलेला समाईक कायदा. या मांडणीत अडचण अशी की गुलामी सगळ्या राष्ट्रांत होती, म्हणजे ती नैसर्गिक बुद्धीचीच ठरते. उल्पियनने तिसरा कप्पा केला. प्राण्यांचं उदाहरण विचित्र वाटतं, पण त्यामुळे 'सगळीकडे आहे' आणि 'निसर्गाने आहे' या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. म्हणून तो लिहू शकला की निसर्गाच्या कायद्याने सगळे मुक्तच जन्मत होते, आणि नागरी कायदा गुलामांना काहीही मोजत नसला तरी निसर्गाच्या कायद्याने सगळी माणसं समान आहेत.

हाच उल्पियन 'सम्राटाला जे रुचेल त्याला कायद्याचं बळ' हेही लिहितो, ते विसरू नका.

तर्ककर्कश

रानवाट यांच्या प्रतिसादानंतर एवढंच म्हणतो. गुलामांना जो काही दिलासा मिळाला तो कुणी दिला? गायसच सांगतो: सम्राट अँटोनिनस पायसने हुकूम काढला की विनाकारण आपल्या गुलामाला मारणारा, दुसऱ्याचा गुलाम मारणाऱ्याइतकाच दोषी. देवळात किंवा सम्राटाच्या पुतळ्यापाशी आसऱ्याला आलेल्या गुलामाचा छळ असह्य असेल तर मालकाने त्याला विकलंच पाहिजे. हा शासनाचा हुकूम आहे. निसर्गाने चारशेंपैकी एकालाही वाचवलं नाही; जे वाचले ते हुकुमाने वाचले.

शाईदौत

रानवाट, तुमच्या प्रश्नाला मान तुकवून सुरुवात करते. त्या चारशेंना काहीही उपयोग झाला नाही. 'सार्वजनिक हित' हा शब्द कॅसियसनेही वापरला आणि सिसेरोनेही; मला त्या शब्दाची आता भीती वाटते.

तर्ककर्कश, हुकुमाने वाचले हे खरं. पण हुकूम का निघाला? गायस तिथेच कारण देतो: आपल्या हक्काचा आपण दुरुपयोग करता कामा नये. हे कारण कुठल्या कलमात लिहिलेलं नव्हतं.

आता ज्याच्यामुळे मी हा धागा काढला ती जागा. डायजेस्टमध्ये, म्हणजे कायदेपंडितांच्या उताऱ्यांच्या त्या अधिकृत संहितेत, मार्सियन या कायदेपंडिताचा एक तुकडा आहे. नियम असा की मूल जन्मताना आई मुक्त असेल तर मूल मुक्त. आईला दिवस गेले तेव्हा ती गुलाम असली तरी चालेल. उलट झालं तर? दिवस गेले तेव्हा मुक्त, बाळंतपणाच्या वेळी गुलाम? तरीही मूल मुक्त, कारण आईवरच्या आपत्तीचा फटका पोटातल्या जिवाला बसता कामा नये. मग कायदेपंडित आणखी पुढे जातात. गरोदर गुलाम बाईला मधेच मुक्त केलं आणि बाळंत होण्याआधी ती पुन्हा गुलाम झाली, तर? सुरुवातीला गुलाम, शेवटी गुलाम, फक्त मधले काही दिवस मुक्त. उत्तर: मूल मुक्त. त्या नऊ महिन्यांत कधीतरी आई मुक्त होती, एवढं पुरे.

विचार करा, कायद्याचा काटेकोर हिशेब असं उत्तर देईल का? नाही. हे उत्तर तोच देईल ज्याला मनातून माहीत आहे की मुक्त असणं ही माणसाची मूळ अवस्था आहे आणि गुलामीला प्रत्येक वेळी स्वतःला सिद्ध करावं लागेल. पॉम्पोनियस या कायदेपंडिताचा नियमही तेच सांगतो: स्वातंत्र्याबद्दल अर्थ संदिग्ध असेल तर निकाल स्वातंत्र्याच्या बाजूने. आडगावकर काकांनी दाखवलेला प्रेटर, मांडवीतीर यांचा 'वेडा' बाप आणि मार्सियनचं हे बाळ, तिन्ही ठिकाणी एकच चाल आहे. कायदा जागेवर, पण संशयाचं ओझं अन्यायाच्या बाजूला सरकवलेलं.

हे ओझं किती दूरवर गेलं बघा. १७७२ मध्ये लंडनला सॉमरसेट नावाच्या गुलामाचं प्रकरण लॉर्ड मॅन्सफील्डसमोर आलं. निकालात म्हटलं की गुलामी इतकी घृणास्पद आहे की तिला फक्त शासनाने केलेला स्पष्ट कायदाच आधार देऊ शकतो. इंग्लंडमध्ये तसा कायदा नाही, म्हणून या माणसाला सोडा. ही बांधणी फ्लोरेंटिनसची आहे. गुलामी निसर्गाची नसून कायद्याने केलेली असेल, तर कायदा काढून घेतला की ती कोसळते.

ओवी

यावर बाबासाहेबांची आठवण झाली. रोममधली गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी नेमका हाच फरक दाखवला आहे: गुलाम बाळगायला कायदा परवानगी देत होता, सक्ती करत नव्हता, आणि गुलामाला मुक्त होण्याची वाट होती. अस्पृश्यता बंधनकारक होती आणि तिच्यातून वाट नव्हती. ज्या समाजात धर्मशास्त्र अन्यायालाच सृष्टीचा नियम म्हणतं, तिथे 'निसर्गाच्या विरुद्ध' हे शब्दच उपलब्ध नसतात. एवढ्यासाठी मी फ्लोरेंटिनसच्या वाक्याला मान देईन. सिसेरोला मात्र नाही.

आडगावकर

दोन गोष्टी जोडतो. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये न्यायाधीशाने काय पाहावं याचा क्रम दिला होता: आधी केलेले कायदे, ते नसतील तर देशरिवाज, तो नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समत्व आणि सदसद्विवेकबुद्धी. निसर्गाच्या कायद्याला रांगेत शेवटची जागा. ताईंनी म्हटल्याप्रमाणे रोमच्या कोर्टातही तो मंजूर कायद्याच्या डोक्यावर कधी बसला नाही. फरक एवढाच की प्रेटरकडे तो रांगेत पुढे घुसे.

दुसरी, इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी 'इन्स्टिट्यूट्स' हे पाठ्यपुस्तक काढलं. सुरुवातीच्या एकाच प्रकरणात तीन विधानं आहेत: युद्धं झाली, त्यातून कैद आणि गुलामी आली, आणि ती निसर्गाच्या कायद्याविरुद्ध आहे, सम्राटाला रुचेल त्याला कायद्याचं बळ आहे, आणि निसर्गाचे कायदे अढळ राहतात, शहरांचे कायदे वरचेवर बदलतात. कॉन्स्टँटिनोपलचा विद्यार्थी ही तिन्ही पाठ करून वकिली करायला बाहेर पडे.

तर्ककर्कश

मार्सियनचं बाळ मला माहीत नव्हतं, शाईदौत. ओझं सरकवण्याचा मुद्दा मानतो. पण ओझं कुठल्या बाजूला सरकवायचं हेही त्या पंडितांनीच ठरवलं, आणि पेडानियसच्या घरी ते कॅसियसने उलट्या बाजूला सरकवलं. दोघेही एकाच परंपरेतले कायदेपंडित. निसर्ग दोघांशी वेगळं बोलला का?

शाईदौत

निसर्ग वेगळं बोलला नाही. कॅसियसने ऐकलं होतं, म्हणून तर त्याला 'अन्याय' हा शब्द वापरावा लागला. त्याने सार्वजनिक हित वर ठेवलं. 'दे ऑफिकीस'चा सगळा तिसरा भाग याच पेचावर आहे: हितकारक आणि न्याय्य यांत खरोखर विरोध असू शकतो का. तिथे अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन दुष्काळी ऱ्होड्सला पोचलेला व्यापारी आहे. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याने गिऱ्हाइकांना सांगावं की नाही, यावर डायोजिनिस आणि अँटिपाटर हे दोन स्टोइक एकमेकांविरुद्ध उभे आहेत. हा डायोजिनिस म्हणजे इ.स.पू. १५५ च्या शिष्टमंडळातलाच. त्यावर वेगळा धागा काढते, तिथे या.